सोनोग्राफीत बाळाचा चेहरा: ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ यांतील अंतर

गर्भारपणातील सोनोग्राफीविषयी आलेल्या पत्रांपैकी बाळाच्या चेहऱ्यासंबंधीची पत्रे या वेळच्या सदरात एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांसमोर तुमच्या बाळाचे प्रत्यक्ष चित्र आणि तुमचा सगळा वैद्यकीय इतिहास असतो. माझ्यासमोर फक्त तुमचे पत्र आहे, हे उत्तरे वाचताना कृपया ध्यानात असू द्यावे.

प्रश्न: मला विसावा आठवडा सुरू आहे. परवाच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये (बाळात काही व्यंग आहे का हे पाहणाऱ्या सोनोग्राफीत) बाळाचा वरचा ओठ डाव्या बाजूला दुभंगलेला असल्याचे सांगितले. टाळूविषयी ‘नीट पाहता आली नाही’ असे अहवालात लिहिले आहे. आमच्या दोघांच्याही घराण्यात असे कोणाला नाही. तेव्हापासून मला झोप नाही. आता पुढे काय करायचे असते? आणि माझ्या हातून काही चुकल्यामुळे हे झाले का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण झोप उडवणारा प्रश्न तोच आहे. गर्भाचा चेहरा पाच उंचवट्यांपासून घडतो: कपाळ आणि नाक यांचा मिळून एक, वरच्या जबड्याचे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन. हे उंचवटे वाढत वाढत एकमेकांपर्यंत पोहोचतात आणि जुळून येतात. शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजले तर वरच्या ओठाची ही जुळणी नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत आटोपलेली असते. टाळूचे काम त्यानंतर काही आठवडे चालते. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन बाजूंना उभे असतात, जीभ खाली सरकली की ते आडवे होतात आणि मध्यरेषेत सांधले जातात. या घाईच्या काळात एखादा सांधा राहून गेला की ओठ किंवा टाळू दुभंगलेली राहते. म्हणजे अनेक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत हे नुकतेच कळलेले असते, तेव्हाच ओठाची गोष्ट ठरून गेलेली असते. त्यानंतर तुम्ही काय उचललेत, कोठे प्रवास केलात, कोणत्या कुशीवर झोपलात किंवा मनाला कोणता धक्का बसला, यांतल्या कशाचाही या दुभंगाशी संबंध नाही.

जगभरात साधारणपणे दर ७०० जन्मांमागे एका बाळात ओठाचा किंवा टाळूचा दुभंग आढळतो. ओठाचा दुभंग मुलांमध्ये मुलींपेक्षा अधिक आणि उजव्यापेक्षा डाव्या बाजूला अधिक दिसतो. बहुतेक वेळा घराण्यात आधी असे कोणीही नसते. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आणि त्यात भोवतालच्या काही गोष्टींची भर, असे याचे मिश्र कारण असते. काही औषधे, धूम्रपान आणि गर्भधारणेच्या आधीपासून असलेला व नियंत्रणात नसलेला मधुमेह यांमुळे धोका वाढतो हे खरे आहे. यांपैकी काही तुमच्या बाबतीत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे, पण ते माहिती म्हणून सांगावे, कबुलीजबाब म्हणून नव्हे.

आता पुढचे. पहिला मुद्दा हा की दुभंग नेमका कोठपर्यंत गेला आहे. नाक आणि ओठ समोरून दाखवणाऱ्या छेदात ओठाचा दुभंग दिसतो. त्याच्या मागे वरच्या हिरडीची कमान असते, आणि ती आडव्या छेदात, दातांच्या अंकुरांच्या रांगेसह दिसते. ही कमान अखंड असेल तर दुभंग ओठापुरता असण्याची शक्यता बरीच वाढते. कमान तुटलेली असेल तर मागची टाळूही दुभंगलेली असण्याचा संभव मोठा असतो. तुमच्या अहवालात हिरडीविषयी काही लिहिले आहे का, ते पाहावे. नसेल तर पुढच्या तपासणीत हा प्रश्न नाव घेऊन विचारावा. टाळू ‘नीट पाहता आली नाही’ हे वाक्य वाचून बिचकू नये. टाळू दुभंगलेली आहे असे ते म्हणत नाही, आणि शाबूत आहे असेही म्हणत नाही. जे दिसले नाही ते दिसले नाही असे लिहिणारा अहवाल मला प्रामाणिक वाटतो.

दुसरा मुद्दा पहिल्याहून मोठा आहे. हा दुभंग एकटाच आहे की त्याच्या सोबतीला आणखी काही आहे? यासाठी गर्भवैद्यक तज्ज्ञाकडून सविस्तर सोनोग्राफी करून घ्यावी लागते आणि तीत मेंदू, हृदय, पाठीचा कणा, मूत्रपिंडे, हातापायांची बोटे हे सगळे पुन्हा एकदा नीट पाहिले जाते. एका बाजूच्या दुभंगात सोबत दुसरे व्यंग असण्याची शक्यता दोन्ही बाजूंच्या दुभंगापेक्षा कमी असते. ओठाच्या अगदी मध्यभागी असणारा दुभंग मात्र वेगळ्याच जातीचा असतो. त्यात मेंदूचे दोन अर्धगोल नीट वेगळे न होण्याचा गंभीर दोष असू शकतो, डोळे एकमेकांच्या फार जवळ असू शकतात, आणि तेराव्या गुणसूत्राची जादा प्रत हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. चेहरा पाहून मेंदूचा अंदाज येतो, हे निरीक्षण वैद्यकात १९६४ सालापासून नोंदलेले आहे, आणि ते प्रामुख्याने या मध्यरेषेच्या दोषांविषयी आहे. तुम्हाला सांगितलेला डाव्या बाजूचा दुभंग या गटात मोडत नाही.

तिसरा मुद्दा गुणसूत्रांच्या तपासणीचा. गर्भजल काढून केलेल्या तपासणीत गुणसूत्रांची संख्या कळते, आणि मायक्रोॲरे तपासणीत त्यांतले लहान तुकडे कमी-जास्त झाले आहेत का तेही कळते. ही तपासणी पंधराव्या आठवड्यानंतर करता येते. तिच्यामुळे गर्भपात होण्याचा धोका थोडा असतो. अनुभवी हातांत तो २०० मध्ये एक किंवा त्याहून कमी धरला जातो. आईच्या रक्तावरून होणारी गुणसूत्रांची चाचणी यापेक्षा सोपी आहे, परंतु ती ठरावीक गुणसूत्रांपुरतीच बोलते, त्यामुळे दुभंग दिसल्यानंतर केवळ तिच्यावर विसंबणे मला पुरेसे वाटत नाही. तपासणी करावी की नाही हा निर्णय तुम्हा दोघांचा आहे. तो घेताना ‘उत्तर काहीही आले तरी आम्ही त्याचे काय करणार आहोत?’ हा प्रश्न एकमेकांना आधी विचारावा. गर्भ पुढे वाढवावा की नाही, असा विचार काही जोडप्यांच्या मनात येतो, आणि तो आला म्हणून स्वतःला दोष देऊ नये. पण हा निर्णय पहिल्या अहवालाच्या संध्याकाळी घेण्याचा नाही. सविस्तर तपासणी झाल्यावर आणि दुभंगाची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांशी बोलून झाल्यावर घेण्याचा आहे.

या शेवटच्या भेटीचा मी आग्रहच धरीन. दुभंगावर काम करणाऱ्या पथकात प्लास्टिक सर्जन, दंतव्यंगतज्ज्ञ, वाचा-उपचार तज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि बाळाला दूध पाजण्याचे तंत्र शिकवणारी परिचारिका असते. बाळ जन्मण्याआधीच त्यांना भेटता येते. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते आणि टाळूची सहा महिने ते दीड वर्ष या वयात. हिरडीत हाडाचा तुकडा बसवावा लागला तर तो पक्के दात येण्याच्या सुमारास, सात ते अकरा या वयात बसवतात. टाळूची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात करावी की बाराव्या, यावर अनेक देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पाचव्या वर्षी बोलताना टाळू पुरेशी न मिटण्याचा दोष सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत सुमारे ९ टक्के, तर बाराव्या महिन्याच्या गटात १५ टक्के आढळला. हे आकडे मुद्दाम देतो आहे. या उपचारांचा विचार किती बारकाईने चालला आहे, आणि दोन्ही गटांतल्या बहुसंख्य मुलांना तो दोष राहिला नाही, हे त्यांतून दिसते. शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची मुलांची छायाचित्रे पथकाकडे असतात. ती मागून पाहावीत. तुम्हाला आज जो चेहरा डोळ्यांसमोर दिसतो आहे, त्यापेक्षा ती छायाचित्रे खऱ्या गोष्टीच्या अधिक जवळची असतात.

प्रश्न: माझ्या गर्भारपणात तीन वेळा सोनोग्राफी झाली आणि तिन्ही वेळा ‘सर्व व्यवस्थित’ असे सांगितले. बाळ जन्मल्यावर त्याची टाळू दुभंगलेली निघाली. ओठ अगदी सुरेख आहे. इतके मोठे व्यंग तीनदा कसे सुटले? हा निष्काळजीपणा नाही का?

तुमचा संताप मी समजू शकतो. तीनदा मन निर्धास्त केले गेले आणि मग प्रसूतीच्या खोलीत ही बातमी कानावर आली. तरीही ओठ शाबूत असताना केवळ टाळूचा दुभंग गर्भात न सापडणे ही अपवादाची गोष्ट नाही, बहुतेक वेळा असेच होते. या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वसाधारण गर्भवतींच्या नेहमीच्या द्विमितीय सोनोग्राफीत एकट्या टाळूचा दुभंग सापडण्याचे प्रमाण शून्य ते २२ टक्के इतकेच होते. ओठाच्या दुभंगाचे प्रमाण त्याच आढाव्यात ९ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. यंत्र, तपासणाऱ्याचा हात, आठवडा आणि चेहरा पाहण्याची ठरलेली पद्धत यांनुसार इतका फरक पडतो.

टाळू का सुटते ते तिच्या जागेवरून समजते. ती तोंडाच्या आत छतासारखी आहे आणि तिच्या पुढे, बाजूंना, वर हाडे आहेत. ध्वनिलहरी हाडावर आदळल्या की परततात आणि हाडामागे सावली पडते. कठीण टाळू या सावलीत सापडते. मऊ टाळू तर पातळ स्नायूंचा पडदा आहे, आणि जीभ तिला चिकटून असली की दोघींतली सीमाच पुसली जाते. बाळाने मान खाली घातलेली असणे, तोंडासमोर मूठ धरलेली असणे, गर्भजल कमी असणे, चेहरा वारेला टेकलेला असणे, या रोजच्या अडचणी आहेतच. गर्भाच्या सोनोग्राफीसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर ज्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांतल्या किमान तपासणीच्या यादीत वरचा ओठ पाहणे आहे, टाळू पाहणे नाही. बहुतेकांना जे खात्रीने दिसत नाही, ते सक्तीच्या यादीत घालून खोटी खात्री देण्यात अर्थ नाही, असा विचार त्यामागे आहे आणि तो मला योग्य वाटतो.

टाळू पाहण्याच्या युक्त्या आता आहेत. पडजीभ घशाच्या आडव्या छेदात दोन छोट्या समांतर रेघांसारखी, गणितातल्या बरोबरच्या चिन्हासारखी दिसते. ते चिन्ह नीट दिसले तर मऊ टाळू जुळलेली असण्याचा भरवसा वाढतो. गर्भजलाने तोंड भरलेले असताना बाळाने गिळण्याची हालचाल केली, तर टाळूची कड उजळून निघते. शंका असेल तेथे गर्भाचा एमआरआय उपयोगी पडतो. पण ही सगळी वाट शंका आल्यावर धरली जाते, आणि तुमच्या बाळाच्या सुंदर ओठाने कोणालाही शंका येऊ दिली नाही.

चूक म्हणावे असे कधीच काही नसते, असे मात्र मी म्हणणार नाही. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात ओठाचे चित्र घेतलेलेच नसेल, आणि न घेतल्याचे लिहिलेलेही नसेल, तर त्याबद्दल विचारणा करणे रास्त आहे. ‘सर्व व्यवस्थित’ हे दोन शब्दही मला खटकतात. ‘जे पाहता आले त्यात दोष आढळला नाही, टाळू या तपासणीत पाहिली जात नाही’ असे तुम्हाला तेव्हा सांगितले गेले असते, तर आजचा धक्का टळला नसता, पण विश्वास तरी मोडला नसता.

आता बाळाकडे वळू. दूध पाजण्याची सोय पाहून झाली की त्याचे कान आणि ऐकणे तपासून घ्यावे. टाळूचे जे स्नायू कानातली नळी उघडतात तेच दुभंगात नीट जोडलेले नसतात, त्यामुळे पडद्यामागे द्रव साठतो आणि मूल कमी ऐकते. बोलणे उशिरा येण्याचे एक कारण येथेच दडलेले असते. खालचा जबडा लहान आहे का, हेही बालरोगतज्ज्ञांना विचारावे. त्याविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न: मला चोविसावा आठवडा आहे. सोनोग्राफीत बाळाची हनुवटी ‘लहान आणि मागे’ वाटते आणि गर्भजल थोडे जास्त आहे, असे सांगितले. ‘घाबरू नका, पण मोठ्या रुग्णालयात बाळंतपण करा’ असेही म्हणाले. दोन्ही गोष्टी एकत्र कशा?

हनुवटी बाजूने, म्हणजे चेहऱ्याच्या बरोबर मध्यरेषेतल्या छेदात पाहावी लागते. छेद थोडा जरी तिरका पडला तरी धडधाकट हनुवटीही खुजी दिसते. म्हणून पहिल्यांदा हे निरीक्षण पक्के करून घ्यावे. कपाळाच्या उभ्या भागाला नाकाच्या मुळाशी काटकोनात काढलेल्या रेषेशी ओठ-हनुवटीची रेषा किती कोन करते, ते मोजता येते, आणि तो कोन सुमारे ५० अंशांपेक्षा कमी असेल तर जबडा खरोखर मागे आहे असे धरतात. तुम्हा दोघांचे चेहरेही डॉक्टरांनी बाजूने पाहावेत. काही घराण्यांत लहान हनुवटी पिढ्यान्‌पिढ्या चालत येते आणि तिचा कोणालाही त्रास नसतो.

जबडा खरोखर लहान असेल तर पुढची साखळी अशी असते. जबड्यात जागा नसल्याने जीभ मागे आणि वर राहते. ती खाली न उतरल्याने टाळूचे पडदे जुळू शकत नाहीत आणि रुंद, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा दुभंग राहतो. गिळणे अवघड झाल्याने गर्भजल साठत जाते. जन्मल्यावर हीच जीभ घशावर पडून श्वास अडवते. फ्रेंच दंतवैद्य पिएर रोबिन यांनी १९२३ साली या त्रासाचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव या साखळीला मिळाले आहे. तुमच्या बाबतीत गर्भजल वाढलेले आहे म्हणून डॉक्टरांनी मोठे रुग्णालय सुचवले. जन्माच्या क्षणी श्वासनलिकेचे काम जाणणारी माणसे आणि नवजात अतिदक्षता विभाग जवळ असणे, ही या स्थितीतील सर्वांत मोलाची तयारी आहे. पुष्कळ बाळांना नुसते पोटावर झोपवल्याने जीभ पुढे येते आणि श्वास मोकळा होतो. काहींना नाकातून घशापर्यंत मऊ नळी ठेवावी लागते, थोड्यांना जबडा हळूहळू लांबवण्याची शस्त्रक्रिया, आणि क्वचित गळ्यातून श्वासमार्ग. जबडा अतिशय लहान असल्याचे आधीच दिसले असेल, तर सिझेरियनच्या वेळी नाळ तोडण्यापूर्वी, वारेतून प्राणवायू मिळत असतानाच श्वासनळी बसवण्याची पद्धतही आहे. त्यासाठी संपूर्ण पथक आधी ठरवून सज्ज ठेवावे लागते. ‘घाबरू नका’ आणि ‘मोठ्या रुग्णालयात या’ ही दोन वाक्ये म्हणून एकमेकांच्या विरोधात नाहीत.

लहान जबडा एकटा असू शकतो, तसाच तो एखाद्या जनुकीय आजाराचा भागही असू शकतो. अठराव्या गुणसूत्राची जादा प्रत, बाविसाव्या गुणसूत्राच्या छोट्या तुकड्याचा अभाव, डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम करणारा स्टिकलर सिंड्रोम, गालांची हाडे आणि कान यांवर परिणाम करणारा ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम, ही त्यांतली काही नावे. यांची गंभीरता एकमेकांपासून फार वेगळी आहे, त्यामुळे जनुकीय सल्ला आणि गर्भजल तपासणी यांविषयी आताच बोलावे. बाळाचे हृदय, कान आणि हातांच्या मुठी पुन्हा पाहून घ्याव्यात.

प्रश्न: बाराव्या आठवड्यात ‘नाकाचे हाड दिसत नाही’ असा शेरा आला. म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोम आहे का? नाक विद्रूप असेल का?

नाकाचे रूप यावरून ठरत नाही. ‘दिसत नाही’ याचा अर्थ हाडात पुरेसा चुना अजून भरलेला नाही, आणि म्हणून त्वचेच्या रेघेखाली जी दुसरी, अधिक ठळक रेघ उमटायला हवी ती उमटली नाही. डाउन सिंड्रोम (एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत) असलेल्या व्यक्तींचे नाक लहान असते, हे जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ सालीच लिहून ठेवले होते. सोनोग्राफीत याचा उपयोग करण्याची पद्धत मात्र २००१ नंतर रूढ झाली. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांच्या दरम्यान डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांत हे हाड दिसत नाही. निरोगी गर्भांपैकीही थोड्यांत ते दिसत नाही, आणि हे प्रमाण आईबापांच्या वंशानुसार बदलते. अकराव्या आठवड्यात न दिसलेले हाड तेराव्यात दिसू लागल्याचेही पुष्कळदा घडते.

म्हणून हा शेरा एकटा वाचू नये. मानेमागील द्रवाची जाडी, तुमचे वय आणि रक्तचाचणी यांच्यासोबत तो जोडून एकूण शक्यता काढतात. आईच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएची चाचणी डाउन सिंड्रोम असलेल्या १०० पैकी सुमारे ९९ गर्भांना ओळखते, परंतु तीही चाळणीच आहे. निश्चित उत्तर वारेच्या किंवा गर्भजलाच्या तपासणीतूनच मिळते.

प्रश्न: त्रिमितीय सोनोग्राफी केली तर चेहऱ्यातले सगळे दोष कळतात असे मैत्रिणीने सांगितले. मी ती करून घ्यावी का?

सगळे कळतात हे बरोबर नाही. त्रिमितीय चित्र अनेक पातळ छेद एकत्र रचून संगणक तयार करतो. चेहऱ्यासमोर गर्भजलाची पुरेशी पोकळी असेल तरच ते नीट उतरते. नाळ ओठावरून गेलेली असेल तर त्यात दुभंगाचा भास होतो, सावलीची जागा भोकासारखी दिसते, आणि चित्र गुळगुळीत करताना खरी लहान खाच पुसलीही जाते. छान छायाचित्रे सव्वीस-अठ्ठाविसाव्या आठवड्यांच्या सुमारास मिळतात, आणि दोष शोधण्याचा काळ त्याआधीचा, अठरा ते बावीस आठवड्यांचा असतो. त्या छायाचित्रात हसणाऱ्या बाळाची टाळू कशी आहे, हे त्यातून कोणालाच सांगता येणार नाही.

द्विमितीय सोनोग्राफीत शंका आली असेल तर मात्र हे तंत्र फार कामाचे आहे. चेहऱ्याचा संच साठवून तो हवा तसा फिरवता येतो, पाठीमागून बघत टाळूपर्यंत जाता येते, आणि शल्यविशारदाला व आईबापांना दुभंग समजावून सांगता येतो. शंका नसताना केवळ छायाचित्रासाठी लांबलचक तपासणी करू नये, असे तज्ज्ञ संघटनांचे मत आहे. ध्वनिलहरींमुळे बाळाला इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही, पण त्यांनी ऊतींत किंचित उष्णता निर्माण होते, त्यामुळे लागेल तेवढाच वेळ आणि लागेल तेवढीच शक्ती वापरणे हा नियम पाळला जातो.

प्रश्न: आमच्या पहिल्या मुलाला ओठ आणि टाळू यांचा दुभंग होता. आता दुसऱ्या बाळाचा विचार आहे. पुन्हा तसेच होईल का?

आईबापांपैकी कोणालाही दुभंग नसेल आणि पहिल्या मुलात तो एकटाच असेल, तर पुढच्या बाळात तो असण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे ३ ते ५ असते. तुम्हा दोघांपैकी कोणाच्या किंवा मुलाच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे आहेत का, ते मात्र आरशात पाहावे. व्हॅन डर वूड सिंड्रोममध्ये ते असतात, आणि तो असलेल्या पालकाच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. फॉलिक ॲसिड दररोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या आधीपासून सुरू करून पहिले बारा आठवडे घ्यावे. मेंदू आणि कण्याच्या दोषांपासून ते संरक्षण देते हे सिद्ध आहे, दुभंगाबाबतचे पुरावे तितके एकमुखी नाहीत. धूम्रपान घरात कोणीही करत असेल तर ते थांबावे. फिट्‌सवर व्हॅल्प्रोएट किंवा टोपिरामेट सुरू असेल तर ते आपणहून बंद करू नये, गर्भधारणेआधी डॉक्टरांशी बोलून पर्याय पाहावा. काही तज्ज्ञ बाराव्या-तेराव्या आठवड्यातही नाकामागील हाडांच्या त्रिकोणाचे चित्र पाहून अंदाज देतात, पण भरवशाचे उत्तर अठराव्या आठवड्यानंतरच्या सविस्तर तपासणीतून मिळते.

प्रश्न: माझ्या सुनेच्या सोनोग्राफीत बाळाच्या ओठाला आणि टाळूला दुभंग दिसला आहे. पुढच्या महिन्यात ती बाळंत होईल. अशा बाळाला दूध कसे पाजायचे? ती विचारायला कचरते, म्हणून मीच लिहिते आहे.

आजीबाई, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत, कारण ही तयारी बाळ येण्याआधी झालेली बरी. दुभंग नुसत्या ओठाला असता तर बहुधा अंगावर पाजता आले असते, स्तनाच्या मऊपणाने फट आपोआप बंद होते. टाळू दुभंगलेली असली की बाळाला तोंडात ओढ निर्माण करता येत नाही. ते चोखते, दमते, आणि पोटात दूध थोडेच जाते. अशा वेळी सुनेने दूध काढून द्यावे. हाताने दाबता येणारी मऊ बाटली किंवा एकाच दिशेने दूध सोडणारी झडप असलेली बाटली यासाठी मिळते. बाळाच्या चोखण्याच्या लयीबरोबर बाटली हलकेच दाबायची असते, सतत नाही. बाळाला जवळजवळ बसते धरावे, म्हणजे दूध नाकात कमी जाते. नाकातून थोडे दूध आले तर घाबरून पाजणे सोडू नये, थांबावे, पुसावे, पुन्हा सुरू करावे. हवा जास्त गिळली जाते, म्हणून मध्ये मध्ये ढेकर काढावी. हे तंत्र प्रसूतीआधी परिचारिकेकडून सुनेने, मुलाने आणि तुम्हीही हाताने करून शिकून घ्यावे, म्हणजे रात्रीची पाळी एकट्या आईवर येणार नाही.

एका वेळचे पाजणे अर्ध्या तासापेक्षा लांबू देऊ नये, कारण त्यापुढे मिळालेल्या दुधापेक्षा दमण्यातच बाळाची शक्ती खर्च होते. सुरुवातीचे काही आठवडे वजन नेमाने करून लिहून ठेवावे. वजन वाढत नसेल, बाळ पाजताना निळसर पडत असेल किंवा लंगोट ओले होण्याचे प्रमाण घटले असेल, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.